थीम पार्कमध्ये नोकरी हवी आहे? अर्जापासून पहिल्या शिफ्टपर्यंत

उंची मोजायच्या पट्टीवर खूण आहे 140 सेंटीमीटरला. मुलगा भरतोय 138. त्याचे वडील नाशिकहून पहाटे निघालेत, तिकिटांना भरपूर पैसे मोजलेत, पाऊण तास रांगेत उभे राहिलेत आणि आता सगळ्यांसमोर तुमच्यावर ओरडतायत, "दोन सेंटीमीटरने काय होतंय?" मुलाच्या डोळ्यांत पाणी आलंय. मागे दीडशे माणसं बघतायत. तुम्ही काय कराल?

राइड ऑपरेटरच्या मुलाखतीला येणाऱ्या प्रत्येकाला मी हा प्रश्न विचारते. मी स्वतः वॉटर पार्कमधल्या स्लाइडच्या माथ्यावर उभं राहण्यापासून सुरुवात केली. आता नव्या मुलामुलींना शिकवते आणि निवडीच्या वेळी टेबलाच्या पलीकडे बसते. मागच्या उन्हाळ्याआधी कर्जतचा एक मुलगा आला होता. खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो त्याला तोंडपाठ होती: बोलिगर अँड माबिलार्ड या स्विस कंपनीने बनवलेली, पायाखाली फरशी नसलेली कोस्टर, वगैरे. बोलताना त्याचा चेहरा फुलला होता. उंचीच्या प्रश्नावर मात्र तो थांबला आणि म्हणाला, "सुपरवायझरला बोलवीन." त्या वेळी आम्ही त्याला घेतलं नाही. पण का घेतलं नाही ते बसून सांगितलं, आणि दिवाळीच्या भरतीला तो परत आला. त्याला जे सांगितलं, तेच इथे सविस्तर लिहितेय.

आधी पार्क गेस्ट म्हणून नव्हे, कामगार म्हणून बघा

महाराष्ट्रात या कामाची परंपरा तशी जुनी आहे. गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झालं, त्याच्या शेजारी वॉटर किंगडम 1998 मध्ये आलं. मला ज्यांनी शिकवलं ते सुपरवायझर तिथेच तयार झालेले. 2013 मध्ये खालापूर तालुक्यात एक्स्प्रेसवेजवळ इमॅजिका उभं राहिलं, पुढे त्याला वॉटर पार्क आणि स्नो पार्कची जोड मिळाली. 2022 मध्ये ते मालपाणी समूहाकडे गेलं. लोणावळा आणि शिर्डीची वेट एन जॉय वॉटर पार्क आणि शिर्डीचं साई तीर्थ ही याच समूहाने उभी केली. महाराष्ट्राबाहेर जायची तयारी असेल तर वंडरला आहे: कोची, बंगळुरू, हैदराबाद, 2024 पासून भुवनेश्वर. एका ठिकाणी नीट शिकलेला माणूस दुसऱ्या ठिकाणी लगेच कामाला येतो, म्हणून पहिली नोकरी "त्याच" पार्कात मिळाली पाहिजे असा हट्ट धरू नका. जवळचं छोटं वॉटर पार्कसुद्धा चालेल.

ज्या पार्कात काम करायचं आहे तिथे एक दिवस तिकीट काढून जा, शक्यतो रविवारी. राइडवर कमी बसा, प्लॅटफॉर्मकडे जास्त बघा. ऑपरेटर किती जण आहेत, कोण कुठे उभं राहतं, गाडी सुटण्याआधी एकमेकांना कसली खूण करतात, रांग कुठे तुंबते, दुपारी दोन वाजता त्यांचे चेहरे कसे दिसतात. संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर वहीत लिहून काढा. मुलाखतीत "आमच्या पार्कबद्दल काय वाटलं?" असं विचारलं जातंच. "गोल्ड रशच्या रांगेत शेवटच्या वळणावर सावली नाही, तिथे लोक चिडतात" असं सांगणारा उमेदवार आमच्या लक्षात राहतो.

प्लॅटफॉर्मवर नेमकं काय करावं लागतं

इथे जरा थांबून सांगते, कारण बहुतेकांचा गैरसमज इथेच असतो.

समजा गाडीला 24 आसनं आहेत आणि तासाला 15 फेऱ्या होतात. म्हणजे तासाला 360 लॅप बार, म्हणजे बसलेल्याला मांडीवरून धरून ठेवणारे दांडे, तपासायचे. दोन बाजूंना दोघं असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला 180. बार नुसता डोळ्यांनी बघून चालत नाही. तो तळहाताने खाली दाबायचा, मग वर ओढून बघायचा. बेल्ट असेल तर त्याचं टोक हाताने खेचायचं. खिशातला मोबाईल, डोक्यावरची टोपी, पायातली सैल चप्पल, गळ्यातली ओढणी, सगळ्यांवर नजर फिरली पाहिजे. आपली बाजू झाली की पिवळ्या रेषेमागे येऊन अंगठा वर करायचा आणि समोरच्याने पाहेपर्यंत तो वरच ठेवायचा. बऱ्याच राइड्सवर पॅनेलवरच्या, म्हणजे राइड चालवायच्या बटणांपाशी बसलेल्या, ऑपरेटरने एकट्याने बटण दाबून गाडी सुटतच नाही. प्लॅटफॉर्मवरच्या साथीदारालाही त्याच वेळी आपलं बटण दाबून ठेवावं लागतं. ही रचना मुद्दाम केलेली आहे, एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून.

आमच्या पिढीला एक सवय लावली गेली, ती मी अजून सगळ्यांना लावते. प्रत्येक बार तपासताना त्या आसनावरच्या माणसाच्या डोळ्यांत बघायचं. घाबरून पांढरा पडलेला चेहरा, दारूचा वास, पोटाशी धरलेला हात, नुकतंच झालेलं ऑपरेशन लपवणारे आजोबा, हे त्या एका सेकंदात कळतं. एकदा एका ताईंचा बार दाबताना त्यांनी अगदी हळू आवाजात सांगितलं, "मला तिसरा महिना आहे, घरच्यांना अजून माहीत नाही." मी मोठ्याने म्हटलं, "या आसनाचा बार जरा तपासायचाय, ताई, तुम्ही पुढच्या फेरीला बसा," आणि त्यांना बाहेर आणलं. घरचे वरून हात हलवत राहिले, त्यांना काही कळलं नाही.

हे काम 360 वेळा तितक्याच काळजीने करता येईल का, एवढंच आम्ही मुलाखतीत शोधत असतो. राइड्सचं प्रेम हवंच, पण ते नंतर येतं.

तुमच्या शिक्षणाला कुठलं दार उघडतं

बारावी झालेल्यांना राइड ऑपरेशन्स, तिकीट खिडकी, फूड काउंटर, दुकानं आणि गेस्ट रिलेशन्समध्ये प्रवेश मिळू शकतो. हॉटेल मॅनेजमेंटवाल्यांना किचन आणि बँक्वेट. मराठी आणि हिंदी बोलता येतंच. कामापुरतं इंग्रजी आलं तर बरं, आणि गुजराती येत असेल तर बायोडेटामध्ये ठळक लिहा. सुरत-अहमदाबादहून बसच्या बस भरून येतात.

आयटीआयच्या फिटर, इलेक्ट्रिशियन आणि डिप्लोमा मेकॅनिकलच्या मुलांना माझं मनापासून सांगणं आहे: तुम्ही पार्कचा विचारच करत नाही आणि पार्कला तुमची सगळ्यात जास्त गरज असते. पहाटे गेट उघडण्याच्या कितीतरी आधी मेंटेनन्सची माणसं ट्रॅकवर चढलेली असतात. बोल्टचा टॉर्क, ब्रेकचा दाब, पॉलियुरेथेनच्या चाकांची झीज, सेन्सर, चेन, सगळं तपासून, रिकाम्या गाडीच्या फेऱ्या मारून, लॉगबुकात सही झाल्याशिवाय राइड ऑपरेटरच्या ताब्यात येत नाही. हायड्रॉलिक्स, न्यूमॅटिक्स आणि पीएलसी (यंत्रांवर नियंत्रण ठेवणारा छोटा संगणक) येत असेल तर तुम्ही रांगेत पुढे आहात. वेल्डिंगच्या जोडातली बारीक चीर शोधणाऱ्या विनाविध्वंसक चाचण्यांचा, म्हणजे एनडीटीचा, लेव्हल टू कोर्स केलात तर आणखी पुढे. भारतीय मानक ब्युरोचं मनोरंजन राइड्ससाठी आयएस 15475 हे मानक आहे. ते वाचून मुलाखतीला जा. लॉक-आउट टॅग-आउट म्हणजे काय हेही सांगता आलं पाहिजे: राइडवर काम करताना वीज तोडून, आपलं स्वतःचं कुलूप आणि नावाची चिठ्ठी लावायची, आणि ते कुलूप आपणच काढायचं. राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी योजनेच्या पोर्टलवर मोठ्या आस्थापनांच्या जागा येतात, तिथे नोंदणी करून ठेवा. शिकाऊ म्हणून वर्षभर काढलं की कायम होण्याची शक्यता बरीच वाढते.

पोहणाऱ्यांसाठी लाइफगार्डचं काम. नदीत पोहता येणं पुरेसं नाही, वाचवता आलं पाहिजे. पुण्यातली राष्ट्रीय लाइफ सेव्हिंग सोसायटी आणि गोव्यातली राष्ट्रीय जलक्रीडा संस्था यांचे अभ्यासक्रम आहेत, त्यांचं प्रमाणपत्र हातात असू द्या. वॉटर पार्कच्या जगात 10/20 चा नियम प्रसिद्ध आहे. आपल्या भागातलं पाणी 10 सेकंदांत नजरेखालून जायला हवं आणि कुणी अडचणीत दिसलं तर 20 सेकंदांत त्याच्यापर्यंत पोचायला हवं. निवडीच्या वेळी पाण्यात उतरवतात आणि पुतळ्यावर सीपीआर, म्हणजे छाती दाबून आणि तोंडाने श्वास देऊन जीव वाचवण्याची क्रिया, करून दाखवायला सांगतात. 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 दाबांचा वेग, मोठ्या माणसाची छाती किमान 5 सेंटीमीटर खाली गेली पाहिजे. आणि बुडालेल्या माणसाला सुरुवात श्वासापासून करतात, हे विचारलं जातं. बुडणारा माणूस हात हलवून हाका मारत नाही, बहुतेक वेळा तो गप्प खाली जातो, हेसुद्धा.

कलाकारांची निवड ऑडिशनने होते. परेडसाठी नृत्य, स्टंट, जादू, आणि कॅरेक्टरच्या पोशाखात वावरणं. त्या पोशाखात आत किती उकडतं ते घातल्याशिवाय कळत नाही, म्हणून ठरावीक मिनिटांनी माणूस बदलतात आणि सोबत एक जण कायम चालतो. त्या पोशाखांची मापं ठरलेली असतात, त्यामुळे उंचीमुळे निवड हुकली तर मनाला लावून घेऊ नका.

अर्ज कधी आणि कसा

वॉटर पार्कचा हंगाम एप्रिल ते जून. त्याची भरती फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकते. दुसरी खेप सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, दिवाळी आणि नाताळच्या गर्दीसाठी. मेमध्ये अर्ज करणाऱ्यांचं मला वाईट वाटतं, चांगली मुलं असतात पण जागा भरलेल्या असतात. पार्कच्या स्वतःच्या वेबसाइटवरच्या करिअर पानावरून अर्ज करा. शिवाय आसपासच्या आयटीआय आणि कॉलेजांच्या प्लेसमेंटवाल्यांकडे चौकशी करा. उद्योगाची अखिल भारतीय संघटना आयएएपीआय दरवर्षी मुंबई परिसरात प्रदर्शन भरवते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांनी तिथे जरूर फिरावं, राइड बनवणारे, बसवणारे आणि चालवणारे सगळे एका छताखाली भेटतात.

बायोडेटा एक पानाचा पुरे. त्यात आम्ही काय शोधतो सांगते. गणेशोत्सवात रांग सांभाळली? लिहा, किती दिवस आणि साधारण किती गर्दी तेही लिहा. वारीत सेवा दिली, एनसीसी केली, दुकानाच्या काउंटरवर बसलात, शाळेच्या सहलीबरोबर चाळीस मुलं मोजून नेली-आणली? लिहा. मुलांना वाटतं हा काही अनुभव नव्हे. मला तरी "मेहनती आणि प्रामाणिक" या दोन शब्दांपेक्षा "लालबागच्या मंडळात चार वर्षं प्रवेशद्वारावर स्वयंसेवक" ही ओळ खूप काही सांगून जाते. प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असेल तर सगळ्यात वर.

मुलाखत

पहिला नियम, वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचा. खोपोलीला रेल्वेने यायचं तर कर्जतहून जाणाऱ्या लोकल मोजक्याच आहेत, एक चुकली की गणित बिघडतं. बंद बूट, कापलेली नखं, बांधलेले केस. उभं राहूनच बोलायला लावलं तर गोंधळू नका, तुम्ही किती वेळ नीट उभे राहता हेही बघायचं असतं.

मग तो 138 सेंटीमीटरचा मुलगा. उत्तर असं आहे. आधी मुलाशी बोला, वडिलांशी नंतर. गुडघ्यावर बसा, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर या. नाव विचारा. "चल, आपण परत एकदा मोजू," म्हणा आणि वडिलांसमोर पुन्हा मोजा: बूट सरळ, टाचा पट्टीला टेकलेल्या, मान ताठ. यामुळे वडिलांना दिसतं की तुम्ही त्यांना उडवून लावत नाही. मग कारण सांगा, आणि ते खरं कारण सांगा: हा बार ठरावीक उंचीच्या अंगाला धरेल असा बनवलाय, लहान अंगाला तो घट्ट धरू शकत नाही. "नियम आहे" एवढंच म्हटलं की माणूस आणखी चिडतो. पुढे पर्याय द्या. जवळची कुठली राइड त्याच्या उंचीला चालते ते नावानिशी सांगा. आई-वडील एकामागून एक बसू शकतात का, दुसऱ्याने मुलाजवळ थांबायचं आणि परत रांग लावायची नाही, अशी सोय असेल तर ती सांगा. आणि एवढ्यावरही वडील ऐकत नसतील, तर सुपरवायझरला बोलवा, फाटक बंद ठेवूनच. सुपरवायझर आला, मॅनेजर आला, तरी 138 चे 140 होत नाहीत.

दुसरे नेहमीचे प्रश्न: गाडी चढावर थांबली आणि लोक ओरडू लागले तर? (पॅनेलवरून शांत आवाजात घोषणा, मेंटेनन्सला कळवणं, आणि स्वतःच्या मनाने काहीही रीसेट न करणं.) मित्र रांग मोडून पुढे घ्यायला सांगतो? बरोबरीचा ऑपरेटर बार न ओढता अंगठा वर करतो? या शेवटच्या प्रश्नावर बरीच मुलं "मी त्याला नंतर समजावीन" म्हणतात. नंतर चालणार नाही. गाडी त्याच क्षणी थांबवायची, ती बाजू पुन्हा तपासायची, आणि शिफ्ट संपायच्या आत सुपरवायझरला सांगायचं.

डिस्नेच्या पार्कांमध्ये कर्मचाऱ्यांना एक क्रम शिकवला जातो: आधी सुरक्षितता, मग सौजन्य, मग देखावा, मग कामाचा वेग. नंतर त्यात समावेशकतेचीही भर पडली. उत्तर सुचत नसेल तेव्हा हा क्रम आठवा. रांग कितीही लांब असू दे, वेग सुरक्षिततेच्या पुढे जाऊ शकत नाही.

होकार आल्यावर सही करण्याआधी

लेखी नेमणूकपत्र, साप्ताहिक सुट्टीचा वार, शिफ्टच्या वेळा, पीएफ, ईएसआयसी (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) आणि जादा तासांचे पैसे, एवढं कागदावर बघा. कायद्याने जादा तासांना दुप्पट दर आहे. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, 31 डिसेंबर या दिवशी तुम्ही कामावर असणार. घरात आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच भाऊबीजेला वाद होतात. मुलींनी आणि त्यांच्या आईवडिलांनी एक गोष्ट मोकळेपणाने विचारावी: रात्रीची शिफ्ट सुटल्यावर कंपनीची बस कुठपर्यंत सोडते? मी नवीन असताना एका ठिकाणी ही बस हायवेवर सोडायची, आणि तिथून घर चार किलोमीटर. तीन महिन्यांत ती नोकरी सोडावी लागली. विचारण्यात काही कमीपणा नाही.

आणि कुणी "रजिस्ट्रेशन फी", "युनिफॉर्म डिपॉझिट" किंवा "ट्रेनिंगचे पैसे" व्हॉट्सॲपवर मागितले तर ती फसवणूक समजा आणि थेट पार्कच्या कार्यालयात फोन करून खात्री करा.

आखाताचं स्वप्न

अनुभवाची दोन-तीन वर्षं गाठीशी असली की अबू धाबीचं यास बेट बऱ्याच जणांना खुणावतं. फेरारी वर्ल्ड 2010 मध्ये सुरू झालं, तिथली फॉर्म्युला रोसा ताशी 240 किलोमीटर पळते. 2018 मध्ये वॉर्नर ब्रदर्स वर्ल्ड आलं, 2023 मध्ये सीवर्ल्ड. दुबईत मोशनगेट आहे. जरूर जा, पण नीट जा. दहावी पास असाल तर पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीची अट लागत नाही, तशी नोंद करून घ्या. एजंट परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदलेला आहे का ते स्वतः तपासा. सध्याच्या नियमाने तो उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी घेऊ शकतो, पावती देऊनच. "टुरिस्ट व्हिसावर चला, तिथे बदलून देतो" म्हणणाऱ्याला हात जोडा आणि उठा. राहणं, जेवण, परतीचं तिकीट करारात लिहिलेलं हवं आणि पासपोर्ट तुमच्याच ताब्यात राहिला पाहिजे.

पहिला आठवडा

पायांची तयारी आधी करा. रुजू व्हायच्या दोन आठवडे आधीपासून कामावर घालायचे बूट घालून रोज दोन-तीन तास उभे राहा, नवे बूट पहिल्या दिवशी घालू नका. दोन जोड मोजे, पाण्याची बाटली, गुळाचा खडा, साधं घड्याळ. पावसाळ्यात रुजू होत असाल तर कोरडा टी-शर्ट. खालापूरचा पाऊस छत्रीला जुमानत नाही, आणि वीज चमकू लागली की उघड्यावरच्या राइड्स बंद करून सगळी रांग आत हलवावी लागते. आवाज सांभाळा, घोषणा घशातून नको, पोटातून. सुरुवातीचे काही दिवस तुम्हाला पॅनेलला हात लावू देणार नाहीत, फक्त बघायला लावतील. त्या दिवसांत जुन्या ऑपरेटरला प्रश्न विचारून सतावा, त्याला दादा म्हणा, ताई म्हणा, चहा पाजा. आपत्कालीन बटण कुठे आहे, ते दाबल्यावर गाडी नेमकी कुठे थांबते, आणि तिथून लोकांना कुठल्या जिन्याने खाली आणायचं, हे डोळे मिटून सांगता येईपर्यंत विचारत राहा.

कर्जतचा तो मुलगा आता प्लॅटफॉर्मच्या डाव्या बाजूला असतो. परवा सकाळी रिकाम्या गाडीची चाचणी चालू होती, आसनावर कुणीच नव्हतं. तो तरीही एकेक बार दाबून, ओढून बघत पुढे गेला, शेवटच्या रांगेपर्यंत, मग रेषेमागे आला आणि अंगठा वर केला. मी पॅनेलवर होते. मी बटण दाबलं.